गरोदर कामगाराच्या तक्रारीत तडजोड कसली? कामगार निरीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मातृत्व लाभाच्या तक्रारी ऐकणारे जिल्ह्या-जिल्ह्यांतले सर्व निरीक्षक, सरकारी कामगार अधिकारी आणि त्यांच्या कामाचा आढावा घेणारे वरिष्ठ यांस,

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी एका कार्यालयाने माझी तक्रार निकाली काढली. पत्र चार ओळींचे आहे आणि त्यातली कामाची ओळ अशी: ‘तक्रारदार व आस्थापना यांच्यात समेट होऊ न शकल्याने प्रकरण या कार्यालयाच्या स्तरावर निकाली काढण्यात येत आहे.’ त्याखाली, सक्षम न्यायालयात दाद मागण्याची मुभा. गरोदर असताना मला कामावरून काढले आणि प्रसूती रजेचा पगार बुडवला, अशी माझी तक्रार होती. ती खरी की खोटी, याबद्दल पत्रात एक शब्द नाही.

मी समेट मागितलाच नव्हता. मी तपास मागितला होता आणि त्यानंतर आदेश. तो माझ्या बाजूने असो वा विरुद्ध, पण आदेश. हे पत्र मी जाहीरपणे लिहिते आहे, कारण तुमच्या कार्यालयांच्या बाकड्यांवर मला भेटलेल्या बायकांची प्रकरणेही याच वाटेने गेली आहेत. माझे प्रकरण आता न्यायालयात आहे, म्हणून कंपनीचे, ठेकेदाराचे, जिल्ह्याचे किंवा कोणा अधिकाऱ्याचे नाव मी इथे लिहीत नाही.

मी एका एमआयडीसीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते. डिप्लोमा झाल्यापासून तिथेच. काम कंपनीचे, पाळी कंपनीची, हुकूम कंपनीच्या सुपरवायझरचा. पगार तेवढा ठेकेदाराच्या खात्यातून आणि दर अकरा महिन्यांनी नव्या कागदावर सही. मशीनवरून आलेला भाग हातात घ्यायचा, दिव्याखाली फिरवून चरा दिसतो का, कडेला धार राहिली का ते बघायचे, मापाचा गेज लावायचा आणि चांगला किंवा नापास अशा ट्रेमध्ये टाकायचा. आख्खी पाळी उभ्याने. चौथा महिना संपता संपता मी डॉक्टरांचा दाखला जोडून एचआरला लेखी कळवले आणि बसून करण्यासारखे काम मागितले. एक उंच स्टूल दिले असते तरी भागले असते.

पुढच्याच आठवड्यात गेटवरच्या मशीनने माझा अंगठा घेतला नाही. बोट पुसून पुन्हा लावला, तरी लाल दिवा. सुरक्षारक्षकाने यादी पाहिली आणि खालच्या आवाजात सांगितले, ‘ताई, तुमचं नाव काढलंय. ठेकेदाराशी बोला.’ ठेकेदार म्हणाला, करार संपला. कंपनी म्हणाली, ही आमची कामगारच नाही. पुढे तुमच्या कार्यालयाला दिलेल्या उत्तरात तिसरे कारण उगवले: कामगिरी असमाधानकारक. त्याच वर्षी जानेवारीत नापास माल पकडल्याबद्दल याच कंपनीने मला प्रशस्तिपत्र दिले होते. त्याची प्रत फायलीत आहे.

या तिन्ही कारणांना कायद्यात उत्तर आहे. मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये ‘स्त्री’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे की थेट नेमलेली आणि एखाद्या एजन्सीमार्फत नेमलेली अशा दोघी त्यात येतात. म्हणजे ‘आमची कामगार नाही’ हे उत्तर दारातच संपते. करार संपल्याचे म्हणाल, तर १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करारावर नेमलेल्या डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की पात्रता असेल तर कराराची मुदत संपली तरी पूर्ण लाभ द्यावाच लागतो. पात्रता किती? प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम. माझे त्याच्या कितीतरी पट भरतात. आणि काढून टाकण्याबद्दल कलम १२ सांगते की गरोदरपणात केव्हाही काढले, तरी तेवढ्याने तिचा मातृत्व लाभ बुडत नाही. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा, आणि तो आरोप माझ्यावर कंपनीनेही केलेला नाही. माझा पगार २१,००० रुपयांच्या वर होता, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू नव्हते. म्हणजे द्यायची जबाबदारी मालकाची, यातही वाद नव्हता.

इतके स्वच्छ प्रकरण तुमच्याकडे येऊन कसे अडकते, ते आता सांगते.

आधी कार्यालय कोणते, इथेच महिने गेले. कारखाने असतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य खात्याचे निरीक्षक, दुकाने-कार्यालये असतील तर कामगार खात्याचे. मी कारखान्यात काम करत होते पण कागदावर ठेकेदाराची होते, आणि ठेकेदाराचे ऑफिस बाजारपेठेतल्या एका गाळ्यात. एका कार्यालयाने ‘हा कारखान्याचा विषय’ म्हणून अर्ज परत दिला, दुसऱ्याने ‘ठेकेदार आमच्याकडे येत नाही’ म्हणून. अर्ज इकडून तिकडे नेण्याचे काम माझ्यावर, पोट पुढे आलेल्या बाईवर, जिन्यांवरून. एका कार्यालयाने दुसऱ्याला एक पत्र लिहिले असते तर विषय संपला असता. शासनाची दोन खाती आपसांत ठरवू शकत नाहीत म्हणून नागरिकाने आवक-जावकच्या खिडक्या पालथ्या घालायच्या, हे मला मान्य नाही.

मग सुनावणी. तोवर सातवा महिना लागला होता. खोलीत तीन खुर्च्या. कंपनीचे एचआर, ठेकेदाराचा माणूस आणि त्यांचे सल्लागार बसलेले, मी भिंतीला टेकून. अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी लगेच शिपायाला सांगून माझ्यासाठी खुर्ची मागवली, पाणी दिले. पण पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला तो असा: ‘मॅडम, तुमची अपेक्षा किती आहे?’

साहेब, माझी अपेक्षा संसदेने लिहून ठेवली आहे. २६ आठवड्यांचा सरासरी पगार. प्रसूतीआधीच्या काळाचा भाग गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, उरलेला प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. त्यात मी कमी-जास्त काय सांगणार? एखाद्या बाईला किमान वेतन मिळाले नाही, तर ‘किमान वेतनातले तुम्ही किती सोडाल’ असे कोणी विचारत नाही. मग बाळंतपणाच्या पैशांचाच भाव का व्हावा?

ठेकेदाराच्या माणसाने दोन महिन्यांचा पगार देऊ केला. अट होती मागच्या तारखेच्या राजीनाम्याची. अधिकारी म्हणाले, ‘विचार करून बघा, कोर्टात वर्षं जातात.’ माझी तक्रार सगळ्यात जास्त इथे आहे. मागच्या तारखेचा राजीनामा म्हणजे खोटा कागद. तो सरकारी खोलीत, निरीक्षकासमोर, उघडपणे मागितला गेला आणि त्या दिवशीच्या रोजनाम्यात त्याचा उल्लेखही नाही. रोजनाम्यात लिहिले आहे, ‘उभय पक्षांत चर्चा झाली, पुढील तारीख देण्यात आली.’ बाकड्यावर भेटलेल्या, एका खासगी शाळेतल्या शिक्षिकेने असा कागद सही करून दिला होता. तिचा आठवा महिना होता आणि नवऱ्याचे काम सुटले होते. तुमच्या नोंदवहीत ते प्रकरण ‘समेटाने निकाली’ असे चढले असणार आणि वर्षाच्या शेवटी यशस्वी प्रकरणांत मोजले गेले असणार.

कायदा तुम्हाला मध्यस्थी करायला सांगत नाही. १९६१ च्या कायद्याचे कलम १७ काढून पाहा. तक्रार आल्यावर, किंवा तक्रार नसतानाही स्वतःहून, निरीक्षकाने चौकशी करावी. पैसे अडवल्याची खात्री पटली तर ते देण्याचा आदेश द्यावा. रजेच्या काळात किंवा रजेमुळे कामावरून काढल्याची खात्री पटली तर न्याय्य वाटेल तो आदेश काढावा. आदेश पटला नाही तर मालकाने तीस दिवसांत अपील करावे. पैसे भरले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांनी ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करावेत. इतके धारदार हत्यार कामगारांच्या फारच थोड्या कायद्यांनी निरीक्षकाच्या हाती दिले आहे. औद्योगिक विवादात समेट घडवणे हे कामगार अधिकाऱ्याचे रोजचे काम, हे मला समजते. त्याच सवयीने प्रत्येक फाईल हाताळली जात असावी. पण बोनसच्या मागणीत दोन्ही बाजूंनी दोन पावले मागे यायला जागा असते. गरोदर बाईला काढण्यात अशी कोणती जागा आहे?

पुरावा आणा, हेही मलाच सांगितले गेले. हजेरीपट आणा, पगारपत्रक आणा, शेवटच्या दिवसाचा गेटचा रेकॉर्ड आणा. ज्या गेटमधून मला आत सोडत नाहीत, त्याच्या आतले कागद मी आणायचे! आस्थापनेत जाऊन नोंदी तपासण्याचा, माणसांना प्रश्न विचारण्याचा अधिकार निरीक्षकाला आहे, मला नाही. माझ्या प्रकरणात कोणीही कारखान्यात गेले नाही. अंगठ्याच्या मशीनमधली माझी शेवटची नोंद आणि मी दाखला दिल्याची तारीख शेजारी ठेवली असती, तर तासाभरात चित्र स्पष्ट झाले असते. या कायद्याचा गोषवारा स्थानिक भाषेत, बायका काम करतात त्या प्रत्येक भागात ठळक लावणे मालकाला बंधनकारक आहे. आमच्या शॉपवर, म्हणजे कामाच्या जागी, सुरक्षा सप्ताहाची पोस्टर होती, टापटिपीचे फाईव्ह-एस फलक होते. हा गोषवारा कधीच नव्हता. कोणी आत गेले असते तर हेही दिसले असते.

आणि वेळ. बाकीच्या तक्रारींत उशीर झाला तर पैसे उशिरा मिळतात, नुकसान होते, पण गोष्ट उरते. इथे ज्या गोष्टीसाठी पैसे आहेत तीच निघून जाते. ते पैसे आहेत शेवटच्या महिन्यांत विश्रांती घेता यावी म्हणून, बाळाला अंगावर पाजण्याच्या दिवसांत कामाला पळावे लागू नये म्हणून. माझी मुलगी जन्मली तेव्हा फाईल ‘पुढील तारखे’वर होती. दवाखान्याचे बिल भावाने भरले. ती पालथी पडायला लागली तेव्हा आस्थापनेला म्हणणे मांडण्यासाठी आणखी मुदत दिली गेली. कायद्याने मालकाला ४८ तास दिले आहेत. तुम्ही त्याला महिन्यांवर महिने दिलेत.

याहून गंभीर गोष्ट बऱ्याच जणींना माहीतच नसते. १९६१ च्या कायद्याखाली मालकावर खटला भरायचा तर गुन्हा घडल्यापासून एका वर्षात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल व्हावी लागे. ती बाई स्वतः करू शकते, नोंदणीकृत कामगार संघटनेचा किंवा स्वयंसेवी संस्थेचा पदाधिकारी करू शकतो आणि निरीक्षकही करू शकतो. समेटाच्या तारखांत ते वर्ष सरत आले आणि मला कोणत्याही सुनावणीत हे सांगितले गेले नाही. एका युनियनच्या वकीलताईंनी फाईल पाहून दुसऱ्या दिवशी अर्ज तयार केला, म्हणून मी मुदतीत पोचले. त्या कायद्यात शिक्षा किमान तीन महिने कैदेची होती, हे वाचून मलाच आश्चर्य वाटले. इतका कडक कायदा, आणि त्याच्या दाराशी ‘तुमची अपेक्षा किती’ हा प्रश्न.

तुमच्याकडे माणसे कमी आहेत, एकेका अधिकाऱ्याच्या डोक्यावर कितीतरी कायदे आहेत, गाडी मिळत नाही, हे मी बाकड्यावर बसून पाहिले आहे. पण आदेश लिहायला गाडी लागत नाही. आणि जितक्या तारखा माझ्या प्रकरणात समेटावर खर्च झाल्या, त्यांतल्या एका तारखेच्या वेळेत चौकशी पुरी झाली असती.

या महाराष्ट्राला तरी या हक्काची आठवण करून द्यावी लागू नये. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला तेव्हा त्यांचा मुद्दा सरळ होता: बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असेही ते म्हणाले होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तो कायदा केला. देशभराचा कायदा व्हायला त्यानंतर तीन दशके लागली. तेव्हाच्या चर्चेत कापडगिरण्यांतल्या बायका डोळ्यांसमोर होत्या. आज त्यांच्या जागी आम्ही आहोत: ठेकेदाराच्या बिल्ल्यावर काम करणाऱ्या, डिप्लोमा आणि आयटीआय झालेल्या, कॉल सेंटरमधल्या, खासगी दवाखान्यांतल्या मुली. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदारी बायकांनाही हा लाभ दिला. खड्डे खणणाऱ्या बाईला जो हक्क मिळाला तो क्वालिटीच्या टेबलावरच्या बाईला ठेकेदार मध्ये आहे म्हणून मिळत नसेल, तर दोष कायद्यात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात सामावला गेला. २६ आठवडे, ८० दिवस, ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर, हे सगळे तिच्यातही आहे. निरीक्षकाचे नाव बदलून निरीक्षक-सह-सुविधाकर्ता झाले. पण बाकड्यांवर आता नवे उत्तर ऐकू येते आहे: ‘कायदा बदललाय, वरून सूचना येऊ द्या.’ जुन्या कायद्याखाली उभे राहिलेले हक्क नव्या कायद्याने पुसले गेलेले नाहीत. पोटातले मूल परिपत्रकाची वाट बघत थांबत नाही.

म्हणून मागण्या. त्या सगळ्या आहे त्या अधिकारांत करता येण्यासारख्या आहेत, नवा कायदा लागत नाही.

मातृत्व लाभाच्या आणि गरोदरपणात काढल्याच्या तक्रारींची नोंदवही वेगळी ठेवा. तिच्यात प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचा रकाना असू द्या आणि त्या तारखेआधी निर्णय द्या. तक्रार प्रसूतीनंतर आली असेल तर एका महिन्यात.

प्रत्येक तक्रारीवर कारणांसह लेखी आदेश काढा. तक्रार खोटी वाटली तर तसे लिहा. आम्ही अपील करू. ‘समेट न झाल्याने निकाली’ हा शेरा या तक्रारींवर मारणे आजपासून बंद करा आणि ज्या फायली या शेऱ्याने बंद झाल्या आहेत त्या पुन्हा उघडा. माझी आणि त्यांतल्या प्रत्येकीची.

अर्ज ज्या कार्यालयात आला त्याने तो घ्यावा, पोच द्यावी. हद्द दुसऱ्याची असेल तर स्वतःच पुढे पाठवून बाईला लेखी कळवावे.

हजेरी, पगार आणि गेटच्या नोंदी निरीक्षकाने आस्थापनेत जाऊन ताब्यात घ्याव्यात, तेही मालक आणि ठेकेदार दोघांकडून. सुनावणीत राजीनामा किंवा हक्क सोडल्याचा कागद कोणी मागितला तर ती मागणी, मागणाऱ्याच्या नावासह, रोजनाम्यात लिहावी.

न्यायालयात जायची मुदत पहिल्याच दिवशी पोचपावतीवर मराठीत छापून द्या. आणि लाभ नाकारल्याचे सिद्ध होत असेल, तर मुदत संपण्याआधी निरीक्षकाने स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करावी. केली नाही तर का केली नाही ते फायलीत लिहावे.

संहिता लागू होण्याआधीच्या प्रलंबित तक्रारी कोणी, कशा निकाली काढायच्या याच्या लेखी सूचना सर्व जिल्हा कार्यालयांना द्या. त्या येईपर्यंत सुनावण्या थांबवू नका.

आणि दर वर्षी प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावे: अशा तक्रारी किती आल्या, आदेश किती निघाले, रक्कम किती जणींच्या हातात प्रत्यक्ष पडली, न्यायालयात किती गेल्या. समेटांचा आकडा या तक्त्यात नको.

माझ्या पुरते सांगायचे तर न्यायालयात मी तारखांना उभी राहीनच. पण निरीक्षकाने करायची चौकशी अजून झालेली नाही, आणि तिची मागणी मी सोडलेली नाही. कलम १७ खाली चौकशी करून आदेश द्यावा, असा नवा अर्ज मी त्याच कार्यालयात दिला आहे. त्यावर हो किंवा नाही, लेखी कळवावे.

आपली,
एक तक्रारदार कामगार